आधी सावध, मग घाव

जिन्याखालच्या त्या दुकानाला पाटी नाही, कारण पाटी लावायला जागाच नाही. वर जिना, खाली शिलाई मशीन, मशीनच्या मागे ताई आणि ताईच्या मागे लोकांच्या वाढलेल्या पोटांचा इतिहास टांगलेला. कमरेत सैल करायच्या पँटी, काखेत उसवलेले शर्ट, लग्नात बसत होता आणि आता बटण लागेना असा एखादा कोट. नवे कपडे ताई शिवत नाही. "नवे शिवणारे गल्लोगल्ली आहेत. लोकांचं चुकलेलं निस्तरणारी मी एकटीच," असं ती म्हणते, आणि म्हणताना गिऱ्हाइकाकडे असं बघते की शर्टापेक्षा आपणच जास्त उसवलोय असं त्याला वाटावं.

तिला सगळे ताईच म्हणतात. तिच्या वडिलांच्या वयाचे पेन्शनरसुद्धा. उंच माणूस दुकानात शिरला की त्याचं कपाळ जिन्याच्या खालच्या कडेवर आदळतं. तो वाकायच्या आत ताई ओरडते, "सावध!" तो "काय?" म्हणून मान वर करतो आणि हमखास आपटतो. मग ताई शांतपणे म्हणते, "मी सांगितलं होतं." या दोन वाक्यांवर तिचं निम्मं आयुष्य निघालंय. पँट देताना ती म्हणणार, "यात आता कापड उरलेलं नाही. यापुढे वाढायचं असेल तर तुमच्या जबाबदारीवर वाढा." लोक हसतात, पँट घेऊन जातात आणि वाढतात.

ही सावध करायची खोड तिला ना शाळेनं लावली, ना आईवडिलांनी. ती निघाली दंतमंजनाच्या डब्यातून.

ताई फ्रॉक घालायच्या वयात होती तेव्हा एका दंतमंजनाच्या डब्यात, पावडरीत गाडलेला, बोटभर उंचीचा प्लास्टिकचा महावीर निघायचा. कुठला निघेल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. घरात आईचा कायदा कडक: जुना डबा संपल्याशिवाय नवा येणार नाही. त्यामुळे ताई आणि तिचा थोरला भाऊ, दादा, दोघं उठता बसता दात घासायची. जेवण झालं की घास, भांडण झालं की घास. एकदा तर डबा लवकर संपावा म्हणून दोघांनी शेजारच्यांच्या मांजराचे दात घासले. मांजर पुढे त्या घराकडे फिरकलं नाही आणि दादाच्या हातावर त्याची सही बरेच दिवस राहिली. आख्ख्या गल्लीत सर्वांत पांढरे दात आणि सर्वांत लाल हिरड्या या दोघांच्या.

प्रत्येक महावीराच्या तळपायावर एक बोधवाक्य कोरलेलं असायचं. पोलादी पंजाच्या पायाखाली होतं, 'शब्द दिला की डोकं दिलं'. मोठ्या कानांच्या महाकानाच्या पायाखाली, 'बोलण्याआधी ऐक'. राखासुर नावाचा एक खलनायकही निघायचा, त्याचा तळपाय कोरा. दुष्टाला तत्त्व नसतं म्हणून कंपनीनं छपाई वाचवली असावी. राखासुर घरोघरी निघायचा. पोरं त्याला गटारात सोडायची.

आणि सगळ्यांचा राजा म्हणजे वीजपंख. तो कुणालाच मिळत नव्हता. तो मुळात आहे की नुसता डब्यावरच्या चित्रापुरता, यावर गल्लीत दोन तट पडले होते. तो ताईला मिळाला. तोंडात फेस, हातात बोटभर वीर, अशी ती अंगणात किंचाळत धावली ते आजही कुणाला आठवत असेल.

पण निघाला तो बिचारा उघडाबोडका. डब्यावरच्या चित्रात त्याच्या पाठीवर लालभडक केप, आणि याच्या पाठीवर नुसती दोन भोकं. कारखान्यात कुणीतरी ती लावायला विसरलं असणार. ताईनं एका मोडक्या छत्रीचं लाल कापड कापलं. घरात लाल दोरा नव्हता, हिरवा होता. हिरव्या दोऱ्यानं तिनं केप शिवली, बोटांना सुई टोचून घेत, एक टाका मुंगीएवढा तर दुसरा झुरळाएवढा. ती तिची आयुष्यातली पहिली शिवण. पुढे तिनं लोकांचे किती कपडे नीट केले त्याला गणती नाही, पण त्या केपइतकी वाकडी शिवण तिच्या हातून पुन्हा झाली नाही, आणि तेवढ्या मायेची तर नाहीच.

वीजपंखाच्या तळपायावर लिहिलं होतं, 'आधी सावध, मग घाव'.

ताईनं ते वेदवाक्य मानलं. गल्लीत मारामारी झाली की ती आधी मोठ्यानं ओरडायची, "सावध!" आणि मग हात उगारायची. समोरच्याला तेवढी सवड मिळायची आणि तोच तिला दोन ठेवून द्यायचा. तरी तिनं नियम सोडला नाही. मागून मारणं म्हणजे राखासुर होणं, हे तिच्या डोक्यात पक्कं. दादाचा नियम निराळा होता: आधी घाव, मग आईकडे तक्रार.

मग त्यांनी घर बदललं. सामान हलवायच्या गडबडीत महावीरांचा पत्र्याचा डबा गेला. दादा धापा टाकत आला. म्हणाला, "भंगारवाल्यानं नेला! मी त्याच्या मागे पळालो गं चिमणे, पार चौकापर्यंत. सायकल होती त्याच्याकडे. काळीकुट्ट दाढी. हसत होता मेला." वर त्याच्या गुडघ्याला खरचटलेलंही होतं. ताई रडली, जेवली नाही, आणि मग एकदाची रडायची थांबली तेव्हा भिंतीकडे तोंड करून तिनं शपथ घेतली की त्या दाढीवाल्याला सोडणार नाही. सावध करीन, आणि मग असा घाव घालीन की बस.

तो काही सापडला नाही. मग ताईनं वैर सगळ्या जमातीशीच धरलं. लग्न झालं, नवऱ्यामागे एकटीनं लेक वाढवली, केस पांढरे झाले, पण भंगारवाल्याला तिनं कधी एक रद्दीचा कागद दिला नाही. हल्लीचा भंगारवाला तेव्हा जन्मलाही नसेल, शिवाय त्याला दाढीच येत नाही. तरी तो गल्लीत आला की ताई कात्री उचलून वाजवायची. घरात पलंगाखाली मोडके डबे, बंद पडलेले पंखे, गंजलेली पातेली. "आई, आपण माणसं राहतो की भंगार?" लेक विचारायची. "राहू दे. त्या जातीला काही द्यायचं नाही," ताई सांगायची. लेक औषधाच्या दुकानात कामाला होती. तिचं मत होतं की यावर गोळी निघायला हवी.

एका दुपारी हीच लेक पेपर घेऊन जिन्याखाली आली.

"आई, मामा छापून आलाय! रंगीत!"

दादाबद्दल सांगायचं तर तो पूर्वी विमा विकायचा, आता आत्मविश्वास विकतो. व्यक्तिमत्त्व विकासाचे वर्ग घेतो. गिऱ्हाईक बहुतेक तेच. पेपरात मथळा होता, 'खेळण्यांनी घडवलेला माणूस'. फोटोत दादा हाताची घडी घालून उभा, मागे काचेचं कपाट, कपाटात ओळीनं महावीर. टोकाला राखासुर, मधोमध वीजपंख. पाठीवर लाल केप. केपेच्या कडेला हिरवा दोरा.

ताईनं मशीन थांबवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. सुईत दोरा ओवताना वापरायचं भिंग आणून फोटोवर धरलं. मुंगीएवढा टाका. झुरळाएवढा टाका.

"वाच," ती लेकीला म्हणाली. "केपेबद्दल काय लिहिलंय तेवढं वाच."

लेक वाचू लागली. "'माझ्या लाडक्या वीजपंखाची केप हरवली तेव्हा मी रडत बसलो नाही. आईच्या शेजारी बसून ती स्वतःच्या हातानं शिवली. स्वावलंबनाचा पहिला धडा मी...' आई, मामाला बटण तरी लावता येतं का?"

ताईनं पेपराची घडी करून मशीनवर ठेवली. ती उठून बाहेर गेली. गल्लीच्या तोंडाशी भंगारवाला हातगाडी लावून उभा होता. ताईला येताना पाहून तो गाडी मागे ढकलायला लागला.

"थांब," ताई म्हणाली. "घरी चल. पलंगाखालचं सगळं घेऊन जा. पैसे नकोत."

"ताई, यात चोरीबिरीचं काही नाही ना?" तो घाबरत म्हणाला.

"चोरीचं दुसऱ्या घरात आहे," ताई म्हणाली. "तुझ्यावर उगाच राग काढला. चहा घेऊन जा."

त्यानं चहा घेतला, पण शेवटपर्यंत तो कपाकडे संशयानं बघत होता.

त्या दिवसापासून ताईच्या मशीनचा आवाज बदलला. एरवी ते कुरकुरायचं, आता दात खायला लागलं. आयुष्यभर जपलेला राग एका दाढीवाल्याच्या नावावर होता. तो दाढीवाला नव्हताच. दाढी दादानं रचली होती, सायकल दादानं रचली होती, आणि गुडघा बहुधा त्यानं भिंतीवर घासला होता. त्यापेक्षाही तिला झोंबलं ते केपेचं. खेळणं नेलं तर नेलं. पण तिचा पहिला टाका हा माणूस स्वतःच्या बोटांवर घेऊन मिरवत होता.

आणि मग दादा आपल्या पायांनी चालत आला. देव कधी कधी शिंप्यांनाही भेटतो.

"सावध!" ताई ओरडली.

"काय?" म्हणत दादानं कपाळ आपटून घेतलं. कपाळ चोळत त्यानं पिशवीतून एक काळा कोट काढला. आत लालभडक अस्तर. "चिमणे, वाचनालयात माझ्या संग्रहाचं दालन उघडतंय. मुलं येणार, पालक येणार. भाषणाच्या शेवटी मी असा उजवा हात उंच नेणार, वीजपंखासारखा, म्हणजे आतलं लाल असं फडकलं पाहिजे. पण हा मेला खांद्याशी, मुंढ्यात दाटतोय. जरा सैल कर. घरचंच काम आहे."

ताईनं टेप घेतली. छातीवरून फिरवली. मग टेप त्याच्या गळ्याशी आली आणि तिथंच थांबली.

"डबा भंगारवाल्यानं नेला होता ना?"

दादाचा कंठ टेपेखाली वर खाली झाला. "हां, ते होय... तो नंतर परत मिळाला."

"कुणाकडून?"

"त्याच्याकडूनच. सज्जन होता गं तो."

"दाढीवाला?"

"हो. म्हणजे तोपर्यंत त्यानं दाढी काढली होती."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू रडून रडून नुकती थांबली होतीस. पुन्हा कशाला रडवायचं?" दादा इतक्या प्रेमानं म्हणाला की त्याचं त्यालाच खरं वाटलं असावं. "आणि आपल्यात तुझं-माझं कधी होतं का, वेडे?"

"होतं," ताई म्हणाली. "माझं होतं, आणि ते तुझं झालं. ऐक. सगळे महावीर तुला ठेव. मला काही नको. व्यासपीठावर फक्त एक वाक्य बोल: वीजपंख माझ्या बहिणीचा, आणि केप तिनं शिवली. बस."

"एवढंच ना? बोलतो की."

"शब्द?"

"शब्द!" दादानं छातीवर हात ठेवला. "पोलादी पंजाचा शब्द."

तो गेला. ताईनं कोट पुढ्यात ओढला. त्याचा शब्द म्हणजे काय ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

कोट सैल करायचा म्हणजे आधी तो उसवावा लागतो. ताईनं अस्तर मोकळं केलं, दोन्ही बाह्या काढल्या, पाठीची शिवण खोलली, शिवणीत दाबलेलं जास्तीचं कापड बाहेर काढलं. मग सगळं पुन्हा कच्च्या टाक्यानं जोडलं. ही या धंद्यातली रीतच आहे. लांब लांब धावदोरा घालून कपडा आधी अंगावर बघायचा. बसला नीट की वरून मशीनची पक्की टीप मारायची आणि धावदोरा ओढून टाकायचा. धावदोऱ्यावर कपडा उभा राहतो, दिसतो अगदी पक्क्यासारखा, पण ताण आला की माघार घेतो. माणसांतही असे असतात.

ताईनं कोट मशीनखाली घेतला. पाय पेडलवर ठेवला. आणि काढून घेतला.

कच्चं काम तिनं जन्मात कधी दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. एकदा एका नवरदेवाला तिनं वरातीतून परत बोलावलं होतं, एक बटण ढिलं राहिलंय म्हणून. आता कोट हातात घेऊन ती बसली तेव्हा तिची बोटं तिला शिव्या देत होती.

लेकीनं कोट उचलला, बाही थोडी ओढून पाहिली. "आई, हे कच्चंच आहे."

"माहितीये."

"मामा हात वर करणार आहे."

"तेही माहितीये."

"मग हे बरोबर नाही."

"म्हणून तर सावध करणार आहे. त्याला सगळं सांगूनच कोट देणार. मागून वार नाही करायचा."

"आणि त्यानं खरं सांगितलं तर?"

"तर तिथल्या तिथं उठून पक्का करून देईन. सुई घेऊनच जाणार आहे."

लेकीनं मान हलवली. "लहानपणी तुम्ही लोकांनी साधी गोष्टीची पुस्तकं वाचायला हवी होती."

कार्यक्रमाच्या दिवशी दादा घाईघाईत आला, या वेळी वहिनीही बरोबर. वहिनी जिन्याशी वाकून आत आली, दादानं आपटून घेतलं. कोट अंगात चढला. बसला अगदी बेतून दिल्यासारखा. दादा आरशापुढे स्वतःवर खूश झाला.

"दादा, नीट ऐक," ताई म्हणाली. "हा कोट कच्चा आहे. आत नुसता धावदोरा आहे. टीप मारलेली नाही. हात खांद्याच्या वर नेलास तर बाही निघून येईल. तू तुझं वाक्य बोल, मी लगेच पक्का करते. नाही बोललास तर हात वर करू नकोस. हे मी तुला सांगून ठेवतेय."

वहिनीनं ताईकडे बघितलं, मग कोटाकडे. दादा खो खो हसला.

"तुझ्या हातचं काम आणि कच्चं? चिमणे, सूर्य पश्चिमेला उगवेल एक वेळ! तू कुणाला साधी पिशवी कच्ची देणार नाहीस. मला घाबरवतेस होय?"

"अहो, ती सांगतेय तर..." वहिनी म्हणाली.

"तिची सवयच आहे. जो तो डोकं आपटतो, तरी हिचं 'सावध' काही थांबत नाही."

एवढं बोलून तो निघाला. ताई जागेवरच उभी राहिली. चूक कुठं झाली ते तिला कळलं. तिच्या शब्दावर दादानं कधीच विश्वास ठेवला नव्हता, पण तिच्या कामावर त्याचा आंधळा विश्वास होता. आणि आज नेमकं उलटं होतं. आज तिचा शब्द पक्का होता आणि काम कच्चं.

वाचनालयाचा हॉल भरला होता. पुढे मुलं, मागे पालक, मध्ये खुर्च्यांची कुरकुर. ताई पहिल्या रांगेत लेकीशेजारी बसली. पदराला सुई टोचलेली, सुईत हिरवा दोरा ओवलेला.

दादा बोलायला उभा राहिला. बोलतो तो छान, त्याबद्दल वाद नाही. त्यानं व्यासपीठावरच्या कपाटातून पोलादी पंजा हातात घेतला आणि शब्द पाळण्यावर असं काही बोलला की मागे बसलेल्या एका आजोबांनी डोळे पुसले. महाकान दाखवून ऐकण्याचं महत्त्व सांगितलं. मग त्यानं कपाटातल्या वीजपंखाकडे बोट दाखवलं.

ताईनं पदरावरची सुई चाचपली. बोल, ती मनातल्या मनात म्हणाली. बोल मेल्या. एक वाक्य. मी उठते, कोट पक्का करते, आणि आपलं सगळं मिटलं.

दादाची नजर तिच्यावर आली. क्षणभर थांबली. मग घसरून मागच्या रांगेवर गेली.

"आणि हा माझा वीजपंख," दादा म्हणाला. "या माझ्या बोटांनी, मुलांनो, बघा, या बोटांनी मी त्याची केप शिवली. सुई टोचली, रक्त आलं, पण मी थांबलो नाही."

ताई उभी राहिली. "दादा," ती स्पष्ट म्हणाली, "सावध."

दादा एक पळ गडबडला, आणि मग त्याचा चेहरा उजळला. इतकी वर्षं सभा गाजवलेला माणूस तो, आयती आलेली संधी कशी सोडेल?

"ऐकलंत? आधी सावध, मग घाव! माझ्या धाकट्या बहिणीलासुद्धा मी हेच शिकवलं!" असं म्हणून त्यानं उजवा हात झोकात आभाळाकडे नेला.

कच्चा टाका सुटतो तेव्हा फाटल्यासारखा आवाज येत नाही. टरटर असा बारीक, मजेत सुटत जाणारा आवाज येतो. बाही खांद्यावरून निघाली आणि सरकत सरकत कोपराशी येऊन लोंबकळू लागली. आत शर्टाची पांढरी बाही. दादानं ती धरायला डावा हात उचलला, तर डावीही निघाली. तो दचकून वाकला आणि पाठीची शिवण कमरेपासून मानेपर्यंत उघडली. लाल अस्तर फडकलं. हवं होतं तसंच फडकलं, फक्त मागच्या बाजूनं.

मुलांना वाटलं, हा जादूचा प्रयोग आहे. "पुन्हा! पुन्हा!" असा एकच गिल्ला झाला.

ताई व्यासपीठावर चढली. तिनं त्याची उजवी बाही खांद्याला लावली आणि सुई हातात घेतली.

"शिव ना लवकर," दादा दातांतून पुटपुटला.

"तू बोल. मी शिवते."

"इथं?"

"इथंच. एक वाक्य, एक टाका. तू थांबलास की मीही थांबते."

खाली मुलं टाळ्या वाजवत होती. बाही एका हाताला लोंबत होती. दादानं माइक जवळ घेतला. "मित्रहो, ही माझी बहीण. उत्तम शिवते."

सुई हलली नाही.

"हा... हा वीजपंख तिचा आहे."

एक टाका.

"सगळेच महावीर निम्मे तिचे आहेत."

ताईनं त्याच्याकडे बघितलं. तो घाम पुसत म्हणाला, "बरेचसे." टाका पडला.

"भंगारवाला आला नव्हता. डबा मी लपवला होता."

त्या वाक्याला ताईनं दोन टाके घातले.

"आणि केप?"

दादानं डोळे मिटले. "केप तिनं शिवली. मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही."

मुलं हसली, पालक हसले, वहिनी तर तोंडाला पदर लावून गदागदा हसत होती. ताईनं बाही पूर्ण केली, डावी लावली, पाठ मिटवली. काळ्या कोटावर हिरवे टाके लांबूनही दिसत होते. शेवटी दोरा दातांनी तोडताना ती त्याच्या कानाशी म्हणाली, "आता हात वर करू नकोस."

पण जिंकल्यासारखं दाखवल्याशिवाय दादाला व्यासपीठ सोडवतं थोडंच? टाळ्यांचा जोर बघून त्याला पुन्हा उभारी आली. "चूक कबूल करायलाही धैर्य लागतं, मुलांनो! आणि हे धैर्य मला कुणी दिलं?" असं म्हणून त्यानं हात उचलला.

हात हलेना. त्यानं जोर लावला. आख्खा कोट वर चढला, पण हात काही सुटेना. ताईनं उजवी बाही कोपरापर्यंत कोटाच्या अंगालाच शिवून टाकली होती. हे टाके मात्र कच्चे नव्हते. दुहेरी दोऱ्याचे, गाठ मारलेले, तिच्या हातचे पक्के टाके.

एक पंख चिकटलेल्या कोंबड्यासारखा दादा माइकपुढे फडफडत होता तेव्हा ताई कपाटाशी गेली. तिनं वीजपंख पदराच्या टोकात बांधला. रिकाम्या झालेल्या मधल्या जागी राखासुर उचलून ठेवला. उभा नाही, आडवा, त्याचा कोरा तळपाय सगळ्यांना दिसेल असा.

"सगळं ठेव म्हणाली होतीस," दादा ओरडला.

"एका वाक्याच्या बदल्यात म्हणाले होते," ताई म्हणाली. "तू त्याला एवढी वाक्यं लावलीस."

वीजपंख आता जिन्याखाली मशीनवर उभा असतो. केपेची शिवण ताईनं नीट केलेली नाही. गिऱ्हाइकं विचारतात, एवढं वाकडं कुणी शिवलं? "मीच," ताई सांगते, आणि ते सांगताना तिची मान अशी ताठ होते की आणखी जरा ताठ झाली तर तीच जिन्याला आपटायची.

दादानं बोलणं टाकलं. त्यानं निरोप धाडला की आपल्याला बहीण नाही. ताईनं उलट निरोप धाडला की आपल्याला भाऊ आहे, पण कच्चा आहे. भंगारवाला मात्र हल्ली रोज हाक मारून जातो.

मग एकदा वहिनी आली. ताईनं "सावध" म्हणायच्या आतच वाकून आत आली आणि पिशवीतून एक पँट काढली.

"त्यांची आहे. मागून उसवलीय. दुसरीकडे दाखवली, पण तिथं नीट होईना. पाठवलीय म्हणून सांगू नकोस म्हणालेत."

ताईनं पँट उलटी केली, शिवण बघितली, वीजपंखाकडे बघितलं. मग म्हणाली, "ठेवा. पण घालून वाकू नका म्हणावं."

वहिनी बघतच राहिली. मग तिच्या ओठांचे कोपरे हलले. "सांगते. पण ताई, ते ऐकणार नाहीत हो."

"म्हणूनच तर सांगतेय," ताई म्हणाली आणि सुईत हिरवा दोरा ओवायला लागली.